विधवेच्या दारात बांगड्यांची टोपली

संस्थेची एक पांढरी जीप होती. तिच्या दारावर एड्सची लाल फीत रंगवलेली, चांगली हातभर. ती जीप ज्या घरापुढे थांबायची, त्या घरचं पाणी दुसऱ्या दिवसापासून कुणी पीत नसे. आम्ही हे संस्थेच्या साहेबांना परत परत सांगितलं. साहेब म्हणाले, "पण मग लोकांना कळणार कसं की आपण काम करतो?" मला त्या माणसाचा आजही राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

मी कोण ते सांगून टाकते. तालुक्याच्या गावाबाहेर, सुरतेकडे जाणारे ट्रक जिथे चहापाण्याला थांबतात, तिथल्या गल्लीत मी ऐन उमेदीची वर्षं धंदा केला. आजार तिथेच लागला. गोळ्या घेते, ठणठणीत आहे. गावातली अब्रूदार माणसं मला बघून रस्ता बदलतात. त्यातले दोघेतिघे एके काळी रस्ता बदलून माझ्याकडेच यायचे.

संस्थेनं आमच्या गल्लीतल्या चौघींना कामाला घेतलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात, पण बायका मध्येच यायच्या बंद होतात. कुणाला घरचे सोडत नाहीत, कुणी ऊसतोडीला गुजरातेत निघून जाते. अशा बाईला गाठायचं, गोळ्या पोचवायच्या, तिला परत आणायचं, हे आमचं काम. गोळ्या सुटल्या की आजार पुन्हा डोकं वर काढतो. ते आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही, गल्लीत पाहिलं होतं.

जीपमध्ये बसायला आम्ही साफ नकार दिला आणि बांगड्यांची टोपली काढली. बाजारातल्या एका म्हाताऱ्या मुसलमान बांगडीवाल्यानं आम्हाला हात भरायला शिकवलं. हात ओला करायचा, तळवा दाबून अंगठा आत घ्यायचा आणि बांगडी हळू सरकवायची. टोपली कुठे जाते ते त्याला ठाऊक होतं, पण त्यानं कधी विचारलं नाही. बांगडीवालीला कुठल्याही घराच्या ओट्यावर बसता येतं. बाईचा हात हातात धरून ती कितीही वेळ बोलत बसली तरी कुणाचं लक्ष जात नाही. टोपलीच्या तळाला, कागदाखाली, गोळ्यांच्या पुरचुंड्या. बाटल्या नाहीत, त्या खुळखुळतात. काम असं बेमालूम चाललं की साहेबांना त्याचा फोटो हवा झाला. टोपली त्यांच्या डोक्यात घालायची तेवढी मी बाकी ठेवली होती.

मग एक जण यायची बंद झाली. पुरुषोत्तमनगरच्या पुढच्या एका गावातली, पंचविशीतली, एका मुलीची आई. तिचा नवरा सुरत लाइनला ड्रायव्हर होता. नवऱ्याला कावीळ आहे असं घरी सांगून दोघं नंदुरबारला यायची आणि गोळ्या न्यायची. पावसाळ्यात नवरा मेला. तो गोळ्या घ्यायचा कमी आणि दारू जास्त. त्या घरची रीत अशी की नवरा गेला की बाईनं वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे तिच्या गोळ्या संपल्या होत्या आणि वर्ष सरायला बराच काळ होता.

आम्ही चौघींनी मिळून टोपली भरली. हिरव्या, लाल, वर चमकीच्या. चौघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की आपण बांगड्या घेऊन विधवेच्या दारात चाललोय. येणार कुठून? आमच्या गल्लीत कुणी विधवा होत नाही, मरायला नवराच नसतो. तिथे म्हातारी झालेली बाईसुद्धा हातभर बांगड्या घालून मरते. ही चूक जगात फक्त आमच्याच हातून होऊ शकत होती, आणि ती आम्ही अगदी मन लावून केली.

तिची सासू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी टोपली उतरवली.

"बांगड्या कोणले भरन्या शेतस?" तिनं विचारलं. आवाजात काही वाकडं नव्हतं.

"तुमनी सूनले," मी म्हणाले.

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली आणि तिनं तोंड सोडलं. "मन्हा पोऱ्या मरी गया, वरीस बी व्हयनं नही, आनि हाई बांगड्या भरी ऱ्हायनी का? कोण शे तो? कोणी धाडं तुले?"

बायका जमल्या. शेजारपाजारच्या बायका अशा वेळी पीठ मळतानाचा हात तसाच घेऊन येतात. मला आता काय झालंय ते कळलं. त्यांना वाटत होतं की या पोरीचा कुणी यार आहे, त्यानं बांगडीवाली पाठवलीय. घर चुकलं म्हणून उठावं तर गोळ्या टोपलीतच राहतात. खरं सांगावं तर आजार चव्हाट्यावर येतो. एका दगडानं दोन्ही पाय ठेचून घेतले होते मी.

ती आतून आली. पांढरं फटक तोंड, हात मोकळे. तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केला.

"भर," म्हणाली.

मी तिचा हात ओला केला. "संपन्यात," ती ओठ न हलवता म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती बांगड्यांसाठी बसलीच नाहीये. मी टोपलीत वरखाली केल्यासारखं केलं, पदर पुढे ओढला आणि पुरचुंडी तिच्या मुठीत सारली. तिनं ती कमरेला खोचली. सगळ्या गावासमोर, आणि कुणालाच दिसलं नाही. लोक तिच्या मनगटाकडे बघत होते. हिरव्या बांगड्यांपुढे त्यांना दुसरं काही दिसणारच नव्हतं.

मग सासूनं तिचा हात ओढून ओट्याच्या दगडावर आपटला. एकदा नाही. काचा उडाल्या, मनगटातून रक्त आलं, आणि काचा ओरबाडताना म्हातारीचं स्वतःचं बोटही चिरलं. रक्त बघून म्हातारी जरा भानावर आली. कसंही म्हटलं तरी लेकाची बायको होती. तिनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडली आणि सुनेचा हात धरायला वाकली.

सून झटक्यानं मागे सरली. हात पोटाशी धरला. "मले हात लावू नका, आत्याबाई!"

"इतला माज!" सासू म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. म्हणजे यार आहेच, हे आता नक्की झालं.

त्याच दिवशी तिच्या भावाला निरोप गेला आणि तिला माहेरी नवापूरकडे पाठवून दिलं. मुलगी ठेवून घेतली. "पोर आमनी शे, ती आठेच ऱ्हाई," सासऱ्यानं सांगितलं. साहेबांनी मात्र त्या महिन्यात ही भेट यशस्वी म्हणून धरली, कारण गोळ्या पोचल्या होत्या.

काही आठवड्यांनी ती आपली आपण दवाखान्यात आली. माहेरी उंबऱ्याची रीत नव्हती, एवढंच बरं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो आणि मी सुरू झाले. त्या म्हातारीला, त्या घराला, त्या रीतीला माझ्या गल्लीत शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. आपलं रक्त दुसऱ्याच्या उघड्या जखमेला लागू देऊ नका, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. त्या बाईला वाचवायला हिनं हात मागे घेतला, आणि ती बाई हिला छिनाल म्हणून गावभर सांगत फिरतेय. हे तिच्या तोंडावर जाऊन ओरडावं असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. पण ते गुपित माझं नव्हतं.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "आत्याबाईनं बोट कापायेल व्हतं. बरं व्हयनं का?"

"मरू दे ना ती!" मी खेकसले. "तुला काय करायचंय तिच्या बोटाशी?"

"मन्ही पोर तिन्हा हातनंच जेवस," ती म्हणाली.