समुद्रावरचा मंडप

अंबादासकाका दिसेल ती वस्तू बांधून ठेवायचे. चष्मा गळ्याला, चहाची किटली खिळ्याला, मोटारसायकलची किल्ली सदऱ्याच्या काजाला. लहानपणी सोनपेठच्या बाजारात ते आम्हा पोरांच्या कमरेला एकच दोरी बांधून फिरवत. लोक हसायचे. काका शांतपणे म्हणायचे, "हसा बिनधास्त. तुमची हरवतील, माझी न्हाई. बांदलेलं कदी हरवत न्हाई."

धंदाही त्यांचा तोच. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ वालूरला मंडप डेकोरेशनचं काम करतात. त्यांनी रोवलेला बांबू वादळात हलत नाही आणि त्यांनी मारलेली गाठ त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. मी वाढले त्याच गावात, मोर्च्यांची पत्रकं लिहिणाऱ्या वडिलांच्या घरात. 'जाहीर निषेध' हे शब्द मी अंकलिपीच्या आधी वाचले असतील. काका मला पाहिलं की विचारायचे, "काय पुढारीणबाई, आज कुणाचा निषेध?" मी चिडायचे, मग तेच मला भजी खायला घालायचे.

त्यांची मुलगी पिंकी उशिरा झालेली, म्हणून लाडकी. तिला समुद्र बघायचा होता. मात्र भुरीला सोडून ती येणार नव्हती. नालीतून उचलून आणलेलं हे कुत्रं पिंकीनं स्वतःच्या वाटचं दूध पाजून वाढवलं होतं. आता ते काकांच्या गोदामावर थोरल्या कुत्र्याच्या, मस्तानच्या जोडीनं राखण करायचं. कुत्र्यांना खोली कोण देणार? काकांनी तोड काढली, "मंडप आपला, टेम्पो आपला. दुसऱ्याच्या छताखाली झोपायचं कशाला?" आणि आम्ही, म्हणजे काका, काकू, पिंकी, माझे दोघे धाकटे भाऊ, मी आणि दोन कुत्री, टेम्पोत बांबू-कनाती भरून कोकणात निघालो.

सकाळी पोचलो तेव्हा पाणी खूप आत होतं. झाडांजवळची वाळू भुसभुशीत, तिथं बांबू धरेना. काका खाली उतरत गेले. ओलसर, घट्ट वाळू लागली तशी त्यांनी पहार ठोकून बघितली आणि खूश झाले. "ही बघा जागा. अशी जमीन आपल्याकडं काळ्या रानात कुठं मिळती?" तासाभरात लाल-पिवळा झालरीचा मंडप उभा राहिला. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, "लगीन कुणाचं?" काका म्हणायचे, "समुद्राचं. नवरी बघायलोत. तुमच्यात हाय का कुणी?"

पिंकी पायानं वाळू उकरत होती. ती म्हणाली, "पप्पा, ही ओली का हाय? पाणी इथवर येतंय का?"

"पाणी सोडायच्या आदी भोंगा वाजतो बाई. येलदरीच्या धरणावर बघितलं न्हाई का? भोंगा झाल्याबिगर एक थेंब सुटत न्हाई."

मी हसले. भरती-ओहोटी शाळेत मीही शिकले होते. पण तो धडा होता आणि हे काका होते.

भुरी खेकड्यांमागं धावत सुटायची. काकांनी तिच्यासाठी मंडपाच्या पुढं, पाण्याच्या बाजूला, वेगळा बांबू रोवला. दोर पायात गुंतू नये म्हणून तो आखूड ठेवला आणि बांबूच्या बुडाशी बांधला. मस्तानला मंडपाच्याच एका खांबाला बांधलं. दुपारी भाकरी-ठेचा खाऊन काकू पोरांना घेऊन गावात सरबत प्यायला गेली. मी आणि काका मंडपात आडवे झालो.

भुरी भुंकायला लागली. मग मस्तानही. काका कुशीवर वळले, "गप बसा की! माणसं झोपायलीत." भुरी गप्प होईना. तेव्हा काकांनी उठून चप्पल फेकली. ती तिला लागली. ती केकाटली आणि पुन्हा भुंकू लागली. आम्ही झोपलो.

पायांना गार लागलं तेव्हा मी उठले. कनातीखालून पाणी आत येत होतं. मस्तान दोराला हिसके देत होता. त्याचा खांब कलला, दोर वर सरकून निघाला आणि तो पळाला. भुरी तिकडं पुढं लाटांत होती. फक्त नाक वर. काका धावले. छातीभर पाण्यात त्यांनी डुबी मारली, वर आले, पुन्हा मारली. मी किनाऱ्यावरून ओरडत होते, "दोर कापा!" कोयता टेम्पोत होता. भिजून फुगलेली गाठ त्यांनाही सुटेना. त्यांनी बांबूला मिठी मारून तो उपटायचा प्रयत्न केला. तिथल्या दोघातिघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या बोटांची नखं निघाली होती.

पाणी ओसरलं. मंडप आडवा झाला होता, झालर कुठच्या कुठं गेली होती. तो एक बांबू मात्र सरळ उभा होता, जरासुद्धा न हलता.

काकू पोरांना झाडांखाली बसवून धावत खाली आली. सगळं कळल्यावर हळू आवाजात म्हणाली, "पोरीला सांगू, भुरी हितल्या लोकांकडं राह्यली. लहान हाय, इसरंल." मी 'हो' म्हणून मान हलवली. खोट्याविरुद्ध छापलेले कागद वाटत मोठी झालेली मी, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

काका उठले आणि वर जाऊन पिंकीसमोर वाळूत बसले. "भुरी मेली. मी बांदली होती. पाणी आलं, मला सोडता आली न्हाई."

पिंकीनं विचारलं, "ती भुंकली न्हाई का?"

"भुंकली."

"मग तुमी उठले का न्हाई?"

काकूनं मागून खूण केली. मीही मनात म्हणत होते, आता बस. काका म्हणाले, "उठलो. उठून चप्पल मारली तिला."

परतीच्या वाटेवर पिंकी मस्तानजवळ बसली. वालूरपर्यंत ती बापाशी बोलली नाही आणि पुढंही कित्येक महिने कामापुरतंच बोलली. काकांनी तिची मनधरणी केली नाही. मला वाटलं होतं ते नवी बाहुली आणतील, जत्रेला नेतील. त्यांनी असलं काहीच केलं नाही.

गावात लोक विचारायचे, "काय अंबादास, समुद्रानं कुत्रं नेलं म्हणं?" काका म्हणायचे, "समुद्रानं न्हाई. मी मारलं." लोकांना गंमत वाटायची. हॉटेलात त्यावर टिंगल व्हायची. काकू वैतागायची, "गावभर सांगायची काय गरज हाय? मुकं जनावर होतं, गेलं." मलाही त्या वेळी ते अतीच वाटायचं. काकांना समोरून येताना पाहिलं की मी दुसऱ्या गल्लीनं जायचे. त्यांच्याकडं बघितलं की मला ती हलवलेली मान आठवायची.

मी अजूनही पत्रकं लिहिते. 'जबाबदार कोण?' हा आमचा आवडता मथळा. खाली नाव कायम दुसऱ्याचं असतं. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं, त्याबद्दल मी माघार घेणार नाही. पण त्या प्रश्नाला 'मी' असं उत्तर देणारा माणूस मी एकच पाहिला आणि लोक त्याला येडा म्हणत होते.

गेल्या दिवाळीत वालूरला गेले होते. पिंकी आता उंच झाली आहे, दोन वेण्या घालते. मैत्रिणीकडून तिनं एक काळं पिल्लू आणलं होतं आणि ओट्यावर मांडीवर घेऊन बसली होती. काका दुकानातून आले, पायरीशी थांबले. चप्पल काढून खालीच उभे राहिले.

"पिंके, हात लावू का त्याला?"

तिनं वर पाहिलं नाही. पिल्लाच्या कानामागं खाजवत राहिली. काकू दारात आली होती, ती काही बोलणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

पिंकीनं पिल्लू त्यांच्याकडं दिलं नाही. मांडीवरच घट्ट धरून ठेवलं.

"लावा," ती म्हणाली. "पण हळू."

काका खालच्या पायरीवर बसले. हात सदऱ्याला पुसला आणि दोन बोटं त्याच्या पाठीवर टेकवली.