डासमामांचा ताप

डासमामांना ताप आला आणि तो त्यांनी चोरीचा माल लपवावा तसा लपवला.

मामा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात होते. घरोघर जायचं, साठलेलं पाणी शोधायचं आणि त्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यापायी त्यांनी अख्ख्या वस्तीच्या नाकी नऊ आणले होते. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, काही म्हणजे काही त्यांच्या टॉर्चमधून सुटत नसे. जिभेलाही हाड नव्हतं. "बाई, ही कुंडी नाही, प्रसूतिगृह आहे," असं ते एखाद्या घरात सरळ सांगत. एका बड्या साहेबांना म्हणाले होते, "तुमच्या कूलरमध्ये जेवढी लोकसंख्या आहे तेवढी आमच्या वॉर्डात नाही." मुलं त्यांना डासमामा म्हणत. मोठी माणसं तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण कुणाच्या घरी ताप शिरला की हेच लोक आधी मामांना हाक मारत. मग मामा त्या माणसाला रक्त तपासायला घेऊन जात, बाकड्यावर शेजारी बसून राहत, आणि रोज संध्याकाळी "आज कसं वाटतंय?" म्हणून दारात उभे. असा माणूस शिव्या खातो आणि लोकांना हवाही असतो.

तर अशा या मामांची एके दिवशी हाडं ठणकायला लागली. डोळ्यांच्या मागे कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटू लागलं. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर मामांनी उंबऱ्यातूनच रोग ओळखला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी ऑफिसला कळवलं, थंडी बाधली. मामींना सांगितलं, वयाचं असतं. रक्त तपासायचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. मामींनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मऊ भात भरवला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मामींचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यात किती प्रेम होतं ते कळेल.

लपवण्याचं कारण एकच. तपासणीत डेंग्यू निघाला की नाव ऑफिसला जातं, आणि ऑफिसची माणसं टॉर्च घेऊन रोग्याच्या घरात शिरतात. मामांच्याच घरात अळ्या निघाल्या तर? आयुष्यभर कमावलेलं नाक वस्तीच्या मधोमध कापलं जाणार. मग कुठल्या तोंडाने ते कुणाच्या बशीवर टॉर्च मारणार होते?

ताप उतरला. मामांनी दाढी केली, आरशात स्वतःकडे बघून घेतलं आणि त्यांना वाटलं, सुटलो. तेव्हा मामींनी तोंड उघडलं.

"अहो, खालच्या घरातली सून पोटुशी आहे. नववा लागलाय तिला."

"मग?"

"मग काय? तुम्हाला चावलेला डास आता काय उपास करणार आहे? त्या पोरीला असा ताप आला म्हणजे? दुसऱ्याच्या घरात असं झालं असतं तर तुम्ही त्याचं बखोट धरून त्याला तपासायला नेलं असतं."

मामांनी मनातल्या मनात हिशेब केला, ताप तर गेला, आता रक्तात काय सापडणार? तपासून यावं, काही निघणार नाही, बायकोचंही तोंड बंद होईल आणि आपलंही मन शांत होईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. एवढा खूश होऊन प्रयोगशाळेत गेलेला रोगी त्या प्रयोगशाळेने पाहिला नसेल.

तिथल्या रक्त काढणाऱ्या ताई मामांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी दंडाला पट्टी बांधली आणि विचारलं, "ताप कधी उतरला?"

"झाले की बरेच दिवस," मामा मोठ्या आनंदाने म्हणाले. "आता काही सापडायचं नाही, पण आमच्या घरच्यांचा हट्ट."

"सापडेल की," ताई सुई टोचत म्हणाल्या. "तापाच्या सुरुवातीला आम्ही विषाणू शोधतो. तो आता गेला असेल. पण त्याच्याशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं, ती मागे राहते. ताप उतरल्यावरच नीट दिसते, दोन-तीन महिने तरी. तुम्ही अगदी योग्य वेळी आलात, मामा."

मामांचा चेहरा उतरला. इतक्या लोकांना त्यांनी इथे आणलं होतं, पण नेहमी अंगात ताप फणफणत असताना. पाण्यातलं त्यांना सगळं कळत होतं. रक्तातलं कधी विचारावंसं वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी ताईंनी निकाल सांगितला. अलीकडेच डेंग्यू होऊन गेलाय, शंका नको. "ऑफिसला नावं उद्या पाठवायची आहेत," असं म्हणून त्या मामांकडे बघत राहिल्या. त्यांनाही सगळं कळत होतं. मामा एक शब्द बोलले असते तर कदाचित ते नाव राहूनही गेलं असतं. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात खालच्या घरातली सून डोळ्यांसमोर उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवून सावकाश जिना चढणारी.

"उद्या कशाला?" मामा म्हणाले. "आत्ताच फोन करा."

घरी येऊन त्यांनी स्वतःच टॉर्च घेतला. बशा कोरड्या, ट्रे कोरडा, टाकीचं झाकण घट्ट. गॅलरीत चपलांच्या कपाटामागे मात्र एक काचेची बरणी सापडली. शाळेतल्या मुलांना अळ्या दाखवायला मामा ती न्यायचे. मागच्या वेळी परत आणली आणि पाणी ओतायचं राहून गेलं. तोंडाला बांधलेल्या फडक्याचं रबर वाळून तुटलं होतं. आत काही अळ्या वळवळत होत्या आणि वर रिकामे कोष तरंगत होते. म्हणजे त्यातले डास कधीच उडून गेले होते. 'विसरलो' हे कारण मामांनी आजवर कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं.

"द्या ओतून," मामी हळूच म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"ऑफिसची माणसं येऊ दे," मामा म्हणाले आणि बरणीचं तोंड पुन्हा घट्ट बांधून ती टेबलावर ठेवली.

सकाळी तपासणीला आली ती मामांनीच शिकवून तयार केलेली ऑफिसातली मुलगी. बरणी बघून तिचाच चेहरा पडला. "मामा, यातलाच डास तुम्हाला चावला असं थोडंच आहे? मी काही आढळलं नाही असं लिहिते."

"शिकवलं तसंच लिही, पोरी. आणि औषध आधी खालच्या मजल्यावर मारायला सांग. त्यांना सांगायला मीच जातो."

मामा जिना उतरून खाली गेले. खालच्या घरातल्या सासूबाईंचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "आमच्याकडे काही नाही," असं दाराच्या फटीतून सांगून त्या त्यांना वाटेला लावत. आजही दार फटीएवढंच उघडलं.

"माझ्या घरात डास झाले," मामा खाली मान घालून म्हणाले. "चूक माझी आहे. मला डेंग्यू होऊन गेला आणि मी तो लपवला. सुनेला सांभाळा. आज फवारणी होईल, तेवढा वेळ तिला माहेरी पाठवा."

आता तोफखाना सुटणार म्हणून ते तयारच होते. पण सासूबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"मागे दोन पिंपं आहेत," त्या म्हणाल्या. "झाकलीत असं मी सांगते, पण झाकत नाही. बघून घ्या."

मामा आत गेले. मोरीपाशी सून भिंतीला टेकून उभी होती. तिने त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मामा, फार त्रास झाला का हो? आता कसं वाटतंय?"

इतक्या दिवसांत हे त्यांना मामींशिवाय कुणीच विचारलं नव्हतं. कसं विचारणार, त्यांनी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

"बरं वाटतंय गं," मामा कसेबसे म्हणाले आणि घाईघाईने पिंपावर वाकले. टॉर्च लावायचं मात्र त्यांना बराच वेळ सुचलं नाही.