थेंबभर आंबा

औरंगपुऱ्यात खाण्याचे रंग आणि इसेन्स विकणारा एक म्हातारा आहे. लेकीच्या आइस्क्रीमसाठी ऐन थंडीत त्याच्याकडे गेले. त्यानं बाटलीचं झाकण नुसतं फिरवलं आणि अख्ख्या गल्लीत केशर आंबा दरवळला. जाणारे-येणारे थबकून आंब्याची गाडी शोधू लागले. मी तर थक्कच!

"काका, यानं काही अपाय नाही ना?"

"थेंबानं काय व्हतंय? पर रोज पोटात गेलं तर काय व्हईल, ते अजून कुणालाच पक्कं ठाव नाय."

एवढं बोलून त्यानं कोपरापर्यंत हात साबणानं घासले, हुंगले, पुन्हा धुतले आणि मगच आपला भाकरीचा डबा उघडला.

बाटली न घेताच मी घरी आले. लेक येऊन बिलगली, माझी ओढणी हुंगली आणि हरखून म्हणाली, "आई, आंबे आणले?"