शकूची पाय असलेली अक्षरं

शकू काल गेली.

अक्षरांना पाय हवेत म्हणून नोकरी पणाला लावणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

आम्ही दोघी जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर. इंग्रजी रीडरमधली अक्षरं मी वाचायचे, ती बघत बसायची.

"हा कॅपिटल आय बघ. वर टोपी, खाली चपला. कसा बराबर उभा हाय."

त्या टोपी-चपलांना सेरिफ म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढे ती एमआयडीसीत लेबल छापणाऱ्या प्रेसमध्ये डिझायनर झाली. बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं. लॉट नंबर ती कायम जुन्या सेरिफ टाइपमध्येच लावायची. जाड-बारीक रेघांची, पाय असलेली अक्षरं. बारीक छापली तरी एकासारखं दुसरं दिसत नाही, म्हणायची.

मग नवे मॅनेजर आले.

"शकूताई, हे जुनाट दिसतं. क्लीन लुक पाहिजे."

नवा फॉन्ट आला. त्यात एकचा आकडा आणि कॅपिटल आय, दोन्ही नुसत्या उभ्या काड्या.

त्याच हंगामात परतूरकडच्या कौसाबाईंचं सोयाबीन उगवलंच नाही. त्यांनी कृषी कार्यालयात तक्रार केली. अर्ज लिहिणाऱ्या कारकुनानं लेबल बघून लॉट नंबरात एकच्या जागी आय लिहिला. बियाण्याच्या कंपनीनं कळवलं, असा लॉट आमचा नाहीच.

लेबलाच्या तळाशी प्रेसचं नाव होतं. कौसाबाई लेबल घेऊन थेट तिथं आल्या.

"हे तुम्हीच छापलं ना? मंग मी खोटी हाय का, तेवढं सांगा."

शकूनं नंबर पाहिला आणि तिला सगळं कळलं. तक्रारीच्या सुनावणीला मी येते, असं तिनं कौसाबाईंना सांगितलं.

मॅनेजर म्हणाले, "कंपनी आपली कस्टमर आहे. सुनावणीला गेलात तर परत येऊ नका."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

"मग?" मी विचारलं.

"जाऊन राह्यले. तू पण चल."

मी गेले. कृषी कार्यालयात शकूनं टेबलावर लेबल ठेवलं. एकच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, हे काय हाय?"

"आय," साहेब म्हणाले.

"वन," कंपनीचा माणूस त्याच क्षणी म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मग तिनं तोच नंबर जुन्या सेरिफमध्ये छापलेला कागद पुढे सरकवला. आता दोघंही म्हणाले, "वन."

साहेबांनी कंपनीचं रजिस्टर मागवलं. एकचा आकडा धरून शोधलं, तर लॉट पहिल्याच पानावर.

कौसाबाई खुर्चीतून उठल्या. कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "सापडला ना भाऊ? आता माझ्याकडं बघून बोल."

त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "चूक झाली, मावशी."

त्यांना भरपाई मिळाली. पण त्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मावशी म्हणला. सगळ्यांसमोर चूक झाली म्हणला."

सोमवारी शकू नेहमीच्या वेळी प्रेसमध्ये जाऊन खुर्चीवर बसली. कुणी ऊठ म्हणालं नाही. महिन्याभरात कंपनीचंच पत्र आलं, लॉट नंबर पहिल्यासारखे छापा. मॅनेजरांनी ते तिच्या टेबलावर ठेवलं.

"चहा सांगा आता," शकू म्हणाली.

यंदाच्या पिशव्यांवरही नंबर त्याच अक्षरांत आहेत. काल तिच्या घरून परत येताना बियाण्याच्या दुकानात थांबून मी स्वतः पाहिलं.

शकू, तू जिंकलीस. माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना हे माहीत असावं, म्हणून लिहिलं.

शेवटचा जय भीम, बाई.