फैलका बेटावरचे घर

सालमियाच्या धक्क्यावरून लष्करी बोट निघाली तेव्हा सकाळ असूनही दिवे लावलेले होते. माघार घेताना इराकी सैन्याने पेटवलेल्या तेलविहिरी अजून जळत होत्या, आकाश काळे होते. फैलका बेट इथून साधारण वीस किलोमीटर. युद्धापूर्वी आम्ही दर हिवाळ्यात जायचो. सकाळी ग्रीकांच्या वसाहतीचे अवशेष, दुपारी समुद्रस्नान आणि जेवण यूसुफच्या घरी.

यूसुफ हा रिफायनरीतला माझा सहकारी. इराकी सैन्याने बेटावरची सगळी कुटुंबे हाकलली, तेव्हापासून तो आईसह सालमियात भाड्याने राहतो. घरी परतता येईल का, हे पाहायला दोघांपुरता परवाना मिळाला होता. दुसरा माणूस म्हणून त्याच्या आईने मला निवडले; मुलाच्या नावावरून ती मला अबू आनंद, म्हणजे आनंदचे वडील, म्हणायची.

"अबू आनंदला ने. तू गोड बोलून मला फसवशील. तो एक खिळासुद्धा कमीजास्त सांगणार नाही."

उतरताच सोबतच्या शिपायाने बजावले, "रस्ता सोडायचा नाही. वाळूत सुरुंग आहेत."

ज्या किनाऱ्यावर आमची मुले शिंपले वेचायची, तिथे काटेरी तार होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक देवळाचे दगड मात्र जागेवर होते.

"यांचं घर आमच्यापेक्षा बरं टिकलं," यूसुफ म्हणाला.

डब्यातली थालीपीठे रस्त्यातच उभ्याने खाल्ली.

त्याच्या घराच्या उंबऱ्याशी मी सवयीने बूट काढले. शिपाई ओरडला, "ए हिंदी (भारतीय)! मशीद आहे का ती? आत काचा आहेत!"

यूसुफ हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चारपैकी तीन खोल्यांना छप्पर नव्हते. चौथीच्या भिंतीत माणूस जाईल एवढे भोक. विजेच्या तारा उपटून नेलेल्या.

"एक खोली धड आहे, एवढं तरी सांग आईला."

"धड नाही, यूसुफ."

संध्याकाळी सालमियात त्याच्या आईने मला समोर बसवले. "बोल."

मी सगळे सांगितले.

"दुरुस्ती?"

"भिंतींची होईल. पण पाणी नाही, वीज नाही. सुरुंग कधी निघतील, कुणाला ठाऊक नाही."

"माझ्या हयातीत?"

"मला वाटत नाही, खाला (मावशी)."

ती मुलाला म्हणाली, "घरमालकाला सांग, महिन्यामहिन्याचं नको. वर्षाचा करार कर. आणि पाहुण्याला चहा दे."

पाहिलेल्या गावांची हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. ऐकणाऱ्याचेच गाव त्याच्या हातून काढून घ्यायची वेळ कधी आली नव्हती.