भूतानवाले मामा

भूतान देशाची जवळा बाजारच्या पंचक्रोशीत जेवढी तारीफ झाली तेवढी खुद्द भूतानातही झाली नसेल, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या मामेसासऱ्यांना आहे. मामा कापूस पिकवतात, जिल्ह्याबाहेर फारसे गेलेले नाहीत. पण एकदा रेडिओवर त्यांनी ऐकलं, की हा चिमुकला शेजारी आपल्या कमाईतला आपल्यापेक्षा मोठा हिस्सा लेकरांच्या शिक्षणावर खर्च करतो. तेव्हापासून मामांचं बिनसलं. सोयाबीनचा भाव असो की कुणाचं आजारपण, बोलणं फिरून भूतानला पोचायचंच. वसमतच्या एसटीत कंडक्टरनं सुटे मागितले तरी, "तिकडचं सरकार काय करून राहिलं, ठाव हाय का?" एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हा हिशोब मला समजावून द्यायचं मनावर घेतलं. "जावाईबापू, तुमचं ताट म्हंजी भारत. पुऱ्या तुमच्याकडं जास्त, बराबर? पर त्यातलं लेकरायला किती?" असं म्हणत त्यांनी माझ्या पुऱ्यांची वाटणी केली. रस्त्यांच्या पुऱ्या शेजारच्या व्याह्यांच्या ताटात गेल्या, फौजेच्या त्यांच्या पलीकडे. शिक्षणाची अर्धी पुरी तेवढी माझ्यापुढे राहिली. "आता सांगा, पोट भरंल का?" नाहीच भरलं. वाढता वाढता मामी म्हणाल्या, "भूतानातच सोयरीक करायची व्हती. माह्या बापाला काहून तकलीफ दिली?"

मग शेजारच्या तांड्यावरची शाळा बंद होणार अशी बातमी आली. पोरं थोडी, म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत जायचं. ग्रामसभेला तालुक्याचे साहेब आले, आणि मामा उभे राहिले. भूतानचे डोंगर, तिथली थंडी, तिथल्या शाळा, आपला खर्च, त्यांचा खर्च, काहीच सुटलं नाही. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "काका, वरून आदेश आहे" म्हणाले आणि पाणी प्यायले. लोक उठायला लागले. तेवढ्यात तांड्यावरची एक बाई, कडेवर लेकरू घेतलेली, मामांना म्हणाली, "मामा, तिकडचं समदं खरं असंल. पर माह्या पोरीला वढा कोन पार करून दील?"

मामांनी तिलाच विचारलं, "वढ्याला पानी किती ऱ्हातं?" भूतान सोडून दुसरं काही विचारणारे मामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

शाळा बंद झाली ती झालीच. काही दिवसांनी मामींचा फोन आला. "रोज सकाळी पोरायला पोचवायला जाऊन राहिलेत. घरात पाण्याची घागर उचला म्हणलं की गुडघा दुखतो, वढ्यात न्हाई दुखत!" भेटल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मामा, भूतानचं काय नवीन?" ते म्हणाले, "कोनाला ठाव. रेडिओ ऐकायला सवड न्हाई."

खरं सांगतो, मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गेल्या पावसाळ्यात वसमतला निघालो होतो. उतारूला घ्यायला एसटी थांबली, आणि खिडकीतून रस्त्यालगतच्या ओढ्यात मामा दिसले. धोतर वर खोचलेलं, एका हातात पोरांच्या चपला, दुसऱ्या हातात एका मुलीचं मनगट. हाक मारावी असं वाटलं, पण त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती. मुलगी काठाला लागली, तरी त्यांनी तिचा हात लगेच सोडला नाही. कंडक्टरनं घंटी दिली.