आबांची काँटेसा आणि एक शाबासकी

हसायचं नाही अशी अट घालून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. हसा बापडे! पण चहा संपेपर्यंत नीट ऐकून घ्या. कारण माझ्याइतका पद्धतशीर गाढवपणा आमच्या यावल तालुक्यात दुसऱ्या कोणी केलेला नाही. पाच महिने खपून, धुळ्याला खेटे घालून, स्वतःच्या हातांनी केलाय!

मुळात मी जळका माणूस आहे. आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी धाकटी बहीण वैशाली धुळ्याला दिली आहे. तिचा नवरा किशोरराव तिथे सरकारी कचेरीत आहे. माणूस चांगला आहे. तोच तर त्रास आहे! जरा वाईट असता तर मी किती सुखात राहिलो असतो.

आमचे आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर केळी केली, बोलणं मात्र अगदी मोजकं. मी दहावीला शाळेत पहिला आलो. आबा म्हणाले, "बरं." मी शेतात ठिबक केलं आणि असे घड काढले की शेजारच्या गावची माणसं बघायला आली. आबा म्हणाले, "बरं." मला मुलगी झाली. "बरं." बेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'शाब्बास' कधी ऐकलंच नाही असं मात्र नाही हं. ऐकलंय की. पुष्कळदा ऐकलंय. किशोररावांसाठी!

किशोरराव अंगणात उभे राहून म्हणतात, "आज ऊन फार आहे." लगेच आबा माझ्याकडे वळतात, "पाह्य! कसं लक्ष असते मानसाचं!" अहो, मे महिन्यात! आमच्याकडे! इथे ऊन आहे हे कळायला धुळ्याहून माणूस यावा लागतो का? घरातला एकुलता एक कूलर, त्याचं तोंड किशोररावांकडे. पहिल्या आंब्याची पहिली फोड किशोररावांना. आणि केळीला पाणी किती सोडायचं हेसुद्धा आबा त्यांनाच विचारतात. ज्यांच्या गॅलरीतली तुळस दोनदा वाळलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे!

तर एके दिवशी मी ठरवलं. आबांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, चारचौघांत आपल्यासाठी 'शाब्बास' ऐकायचं. आणि तेही किशोररावांच्या देखत!

आबांची एक जुनी काँटेसा होती. केळीच्या एका चांगल्या वर्षी घेतलेली. लांबलचक नाक, क्रीम रंग, आणि सुरू झाली की आवाज असा की मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहायची. मला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. पुढे पेट्रोल परवडेना, मग इंजिन बसलं, आणि गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. माय तिच्या बॉनेटवर कुरडया वाळत घालायची. पण आबा दर रविवारी जाऊन नुसतं स्टिअरिंग पुसून यायचे. कोणाशी न बोलता. ते मी लहानपणापासून बघत होतो.

ती गाडी नवी करून आबांना द्यायची! ठरलं! धुळ्याला हायवेवर जुन्या गाड्यांचा एक मिस्तरी होता, हात सोन्याचा. गाडी ट्रकवर चढवत होतो तेवढ्यात आबा आले.

"कोठी चालली रे गाडी?"

"धुळ्याला."

"काहून?"

"ते आत्ता नाही सांगायचं, आबा. धोंड्याच्या दिवशी कळेल."

आबांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला. "किशोररावाच्या धोंड्याच्या?"

"हो, त्याच दिवशी."

"बरं," आबा म्हणाले. पण हा 'बरं' नेहमीचा नव्हता. थोडा ओला होता. मी मनात म्हटलं, लागला, बाण बरोबर लागला!

आता तुम्ही म्हणाल, गाडी बापाची, मग दिवस जावयाच्या धोंड्याचा कशाला? अहो, तेच तर! यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. म्हणजे किशोरराव हलू शकत नाहीत! ओवाळून घेत समोर बसलेले असणार, आणि मी त्यांच्या नाकासमोर आबांना गाडीची चावी देणार. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. सांगितलं ना, जळका आहे म्हणून.

माझी बायको सुनंदा एवढंच म्हणाली, "अहो, घरात कोणाला तरी नीट सांगून ठेवा."

"सांगितलं तर सरप्राईज कसलं?"

"तुमचं सरप्राईज ना, तुम्हालाच होईल एक दिवस." बायकांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं असतं तर आज मी हा किस्सा सांगत बसलो नसतो.

महिनाभराने मिस्तरीचा फोन. "भाऊ, काय चिंता करू नका, बठ्ठं काम चोख शे. तुमना पाव्हना उनथात. सीट कव्हर मरून रंगनं टाकानं सांगी गयात."

मी उडालोच! हा माणूस इथेही पोचला? लगेच किशोररावांना फोन लावला. ते आपले गोड आवाजात, "दादा, ऑफिसला जाताना रोज गॅरेज वाटेवरच लागतं, म्हणून डोकावतो. मरून चालेल ना? वैशालीला आवडतो."

वैशालीला? तिचा काय संबंध? पण म्हटलं, असू द्या, बहीण आहे. "चालेल," म्हटलं.

आठवड्याने पुन्हा फोन. "दादा, ड्रायव्हरची सीट थोडी मागे सरकवून घेऊ का? माझे पाय अडकतात."

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. यांचे पाय स्टिअरिंगखाली जातातच कशाला, असा विचार केला असता. मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, बघा कसा लुडबुड्या आहे, माझ्या भेटीतही हात घालून आबांकडून निम्मी शाबासकी घेणार! जळणाऱ्याला दिसत नाही हो, धूर फार होतो.

घरीही सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागायला लागले. एकदा मायने तर मला जवळ बसवून घेतलं. "बापू, तुह्या मनाले लागनार नाही ना रे पुढं? येवढी आबाची आवडती गाडी."

"माय, अगदी मनापासून देतोय."

मायने पदराने डोळे पुसले. मीही पुसले. आम्ही दोघं आपापल्या गैरसमजात काय सुंदर रडलो म्हणून सांगू!

धोंड्याचा दिवस उजाडला. मी पहाटेच्या बसने धुळे गाठलं आणि गाडी स्वतः चालवत घेऊन आलो. काय दिसत होती! जळगावच्या सिग्नलला मोटरसायकलवाले काच ठोठावून विचारत होते, "शेठ, विकायची का?" मी नुसतं हसून मान हलवत होतो. तापीचा पूल ओलांडताना 'शाब्बास' ऐकल्यावर चेहरा कसा ठेवायचा, याची आरशात बघून तालीमसुद्धा केली.

दारात येऊन हॉर्न दिला. भाऊबंद जमलेलेच होते. आत मांडे, आमरस, धोंड्यांचा घमघमाट. किशोरराव पाटावर, कूलर त्यांच्याकडे, शेजारी आबा. मी चावी मुठीत धरून रुबाबात आत शिरलो, तर मायने ती पटकन काढून घेतली. "अशी उघडी देतंत का?" म्हणाली, आणि ताटात ठेवली. कोणत्या ताटात? दिवा आणि अनारशांच्या मधोमध! वर हळदकुंकू!

तरीही मला कळलं नाही! मी म्हटलं, वा, मायने काय शोभा आणली. ताट उचललं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "ज्यांच्यामुळे या घराला मान आहे, ज्यांचा शब्द या घरात शेवटचा असतो, त्यांना माझ्याकडून ही छोटीशी भेट..." आणि आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा? सगळ्यांनी किशोररावांकडे बघून टाळ्या वाजवल्या!

मी ताट आबांपुढे धरलं. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मी तालीम केलेला चेहरा लावला. आणि आबा शांतपणे वळले, आणि ताट किशोररावांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या पाव्हने. माह्या पोर्‍यानं दिलं."

किशोरराव चाचरत म्हणाले, "दादा, मी वैशालीला सांगत होतो, एवढं मोठं नको म्हणून..."

मला एकदम सगळं दिसलं. गाडी पाठवली जावयाच्या गावाला. दिवस धरला जावयाच्या धोंड्याचा. रंग जावयाने निवडला, सीट जावयाच्या पायाच्या मापाची! मी तोंड उघडलं. 'आबा, अहो, ही तुमची' एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात आबा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाऊबंदांकडे बघून म्हणाले, "मले वाटे, हा पोर्‍या किशोररावावर जळते. माहं चुकलं. बापाची गाडी बहिनीच्या नवर्‍याले देयाले काळीज लागते." आणि मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "शाब्बास."

झालं! बेचाळीस वर्षांनी! आता खरं सांगावं तर शाबासकी जाते, आणि न सांगावं तर गाडी जाते. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. सुनंदा दारात उभी, पदर तोंडात कोंबून. आणि माझ्या उघड्या तोंडातून शब्द निघाले, "पेट्रोलची टाकी पण फुल आहे."

टाळ्या! भाऊबंदांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका.

संध्याकाळी किशोरराव आबांना बसवून मुक्ताईनगरला दर्शनाला गेले. आबा पुढे, माय आणि वैशाली मागे, मरून सीटवर. सुनंदाने मला विचारलं, "तुम्ही नाही गेलात?" म्हटलं, जागा नव्हती.

आता किशोरराव दर महिन्याच्या एका रविवारी गाडी घेऊन येतात. आबा सकाळपासून ओट्यावर वाट बघत असतात. गाडी आली की चारी बाजूंनी फिरतात, बॉनेटवरून हात फिरवतात, स्टिअरिंग पुसतात. मी बाजूला उभा असतो. वाटतं, आज तरी माझी आठवण काढतील.

मागच्या रविवारी काढली. गाडीकडे बघत, मान डोलावत म्हणाले, "बापू, जुनी गाडी कशी ठेवा लागते, हे शिक जरा किशोररावापासून. आपल्या इथं नुसती सडली असती."



म्हटलं, "बरं."